बाईंची पहिली परदेशी भाषा

आमच्या जर्मनच्या बाईंकडे पासपोर्ट नव्हता. कोथरूडमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जर्मन शिकून कितीतरी मुलंमुली परदेशी गेली, तिकडेच रमली, काहींनी तिकडे घरंही घेतली. बाई मात्र लोहगावच्या विमानतळावर कोणाला सोडायलासुद्धा कधी गेल्या नव्हत्या. एखादा नवा विद्यार्थी पहिल्याच तासाला भाबडेपणाने विचारायचा, "बाई, तुम्ही जर्मनीत कुठे होतात?" फळ्यावरचा हात न थांबवता बाई म्हणायच्या, "तुमच्या भूगोलाच्या मास्तरांनी उत्तर ध्रुव पाहिला होता का?" पुढचा महिनाभर तो विद्यार्थी विचारलं तेवढंच बोलायचा.

त्यांचं नाव सुलोचना मेश्राम. पण आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो, कारण दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. कॉलेजातून आलेली मुलं सवयीने 'मॅम' म्हणायची. बाई कान टवकारून खिडकीबाहेर बघायच्या आणि विचारायच्या, "शेळी कुठे ओरडली?" दोनचारदा असं झालं की मॅमची बाई व्हायची.

मी तेव्हा खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. राहायला बिबवेवाडीला, नोकरी खराडीला आणि शनिवार-रविवार सकाळी क्लास कोथरूडला. आई म्हणायची, जर्मनीला एकदा गेलीस की सुटशील, हे कोथरूडला जाऊन येणंच जास्त अवघड आहे. स्कूटरवरून धापा टाकत मी पोचायचे तेव्हा बाईंच्या हॉलमधल्या सतरंजीवर वर्ग भरलेला असायचा. कोपऱ्यातल्या टेबलावर बुद्धाची एक लहानशी मूर्ती, तिच्या शेजारी जाडजूड जर्मन शब्दकोश. दोन्हींवर धूळ बसलेली मी कधी पाहिली नाही. उशिरा येणाऱ्याला बाई रागवत नसत. "या, बसा. आम्ही उगाच वेळेवर सुरू केलं," एवढंच म्हणत. पुढच्या वेळी आपण पाच मिनिटं आधी जाऊन जिन्यात उभे राहायचो.

जर्मन शिकताना सगळ्यांची पहिली तक्रार लिंगाची असते. टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी. का, ते कोणालाच माहीत नाही. आमच्या बॅचमध्ये एक संदीप नावाचा मुलगा होता, भोसरीच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने एकदा वैतागून विचारलं की टेबलाला पुरुष करण्यामागे काही लॉजिक आहे का. बाई म्हणाल्या, "मराठीत ते टेबल, ती खुर्ची आणि तो पलंग. याचं लॉजिक तू मला सांग, मग त्यांचं मी तुला सांगते." मग कोणीतरी म्हणालं, की निदान आपल्याकडे मुलगी तरी स्त्रीलिंगी आहे, जर्मनमध्ये मुलगीसुद्धा नपुंसकलिंगी आहे, म्हणजे कमालच झाली. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "मृणाल, तू घरी गेलीस की तुझी आई काय म्हणते? 'आली मृणाल' म्हणते, की 'आलं गं माझं सोनं, दमलं असेल' म्हणते?" मी लाजून म्हटलं, दुसरं. "मग झालं तर," बाई म्हणाल्या. "लाडाचं माणूस नपुंसकलिंगी असतं. लिहून घ्या." ते लिंग मला पुन्हा कधी चुकलं नाही. पुढे जर्मनीत पहिल्या हिवाळ्यात ऑफिसमधून अंधारात घरी परतताना एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की या देशात मला 'दमलं असेल' म्हणणारं कोणी नाही. सगळ्यांच्या लेखी मी कायम स्त्रीलिंगी होते.

हे सगळं बाईंना न जाताच कसं माहीत होतं, याचं मला नवल वाटायचं. मग कळलं की परक्या गावी जाणं म्हणजे काय, ते त्या आमच्या आधीच शिकून बसल्या होत्या. त्या मूळच्या नागपूरच्या. वडील रेल्वेत, दीक्षा घेतलेलं घर, शिक्षणावर सगळा भर. कॉलेजात जर्मन का घेतलं, असं विचारलं की म्हणायच्या, "इंग्रजीला गर्दी होती, संस्कृतला ओळख लागायची. जर्मनच्या वर्गात बाकं रिकामी होती." लग्न झालं ते पाटबंधारे खात्यातल्या मेश्राम सरांशी. सरांची बदली पुण्याला झाली आणि बाई पुण्यात आल्या.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात त्या भाजीवाल्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "दोन जुड्या सांबार द्या जी." नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजीवाल्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि समोरच्या उडप्याच्या हॉटेलकडे बोट दाखवलं. "सांबार तिकडे मिळेल. सोबत इडली मागा, नुसतं देत नाहीत." बाजूच्या दोन बायका हसल्या. बाई कोथिंबीर न घेताच घरी आल्या. ही गोष्ट त्या फार मजेत सांगायच्या, भाजीवाल्याचं ते बोट करून दाखवायच्या, आणि आम्ही सतरंजीवर लोळून हसायचो.

दुसरी गोष्ट त्या कमी वेळा सांगायच्या. ती भाड्याच्या खोलीची. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. काहीजण 'कळवतो' म्हणाले. "अजून कळवतायत," बाई म्हणायच्या. शेवटी कोथरूडच्या एका म्हाताऱ्या मालकीणबाईंनी दार उघडलं, आडनाव ऐकलं आणि विचारलं, "पाणी पहाटे येतं. उठाल का?" बाई हो म्हणाल्या. मालकीणबाईंनी बाकी काही विचारलं नाही. मात्र त्यानंतर त्या मालकीणबाई रोज बोलल्या. वाळत घातलेली साडी जरा लांब लोंबली तर, "वा, आज आमच्या खिडकीला नवा पडदा!" फोडणी करपली तर, "सुलोचनाबाई, कोणाला बोलावणं धाडलंय वासाचं?" बाई पहिले काही महिने रडल्या. मग एक दिवस मालकीणबाई जिन्यात म्हणाल्या, "काय, आज लवकर उठलात?" आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही जागवल्यावर झोपायची काय हिंमत?" मालकीणबाई हसून म्हणाल्या, "आता राहिलात तुम्ही पुण्यात." दुपारी वाटीभर आमटी आली.

"तेव्हा कुठे मला समजलं," बाई सांगायच्या, "की हे लोक ज्याच्याशी असं टोचून बोलतात त्याला त्यांनी घरातलं धरलेलं असतं. परक्याशी ते बोलतच नाहीत. पुणेरी ही माझी पहिली परदेशी भाषा. जर्मन दुसरी."

कोणाचा व्हिसा झाला की बाई त्याचा एक शेवटचा तास घ्यायच्या. त्यात व्याकरण नसायचं. चहा करायच्या आणि सांगायच्या, "सामान काय न्यायचं ते सगळे सांगतील. तुझं काय मागे राहणार आहे त्याचा विचार कर." सगळी मुलं म्हणायची, आई आणि वरणभात. बाई म्हणायच्या, ते तर राहीलच, ते गृहीत आहे. खरं काय आठवेल ते आत्ता तुला सांगताच येणार नाही, कळलं की फोन कर. आणि मुलं खरंच फोन करायची. रविवारी सकाळी क्लास चालू असताना फोन यायचा, बाई तो स्पीकरवर टाकायच्या आणि आम्हाला सांगायच्या की चला, बोला जर्मनमध्ये. आम्ही अडखळत हवामान विचारायचो. पलीकडून एक काकुळतीचा आवाज यायचा, "प्लीज, मराठीत बोला ना."

एकाला शेजारपाजारच्या कुकरच्या शिट्ट्या आठवायच्या. एका मुलीला 'येते हं' असं म्हणून निघायची इतकी सवय होती की तिकडे निघताना तोंडात काही शब्दच यायचा नाही, नुसतं जाणं तिला अपशकुनी वाटायचं. संदीपचं तर फारच विचित्र. तो गेल्यावर चार महिन्यांनी त्याचा फोन आला, की बाई, मला रिक्षावाल्याने 'नाही येणार' म्हटलेलं आठवतं. इथे सगळं वेळेवर येतं, कोणी नाही म्हणत नाही, दिवसभरात एकदाही चिडायला मिळत नाही. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "इकडे येशील तेव्हा रिक्षाने फिर. तुला कोणी निराश करणार नाही."

माझी वेळ आली तेव्हा मला वाटलं होतं की मी हुशार आहे. बाईंच्या वर्गात एवढं ऐकलेलं, मला काय होणार? स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात मला नोकरी मिळाली. गाव देखणं, काम चांगलं, घर उबदार. आणि हिवाळा अर्धा सरता सरता मी बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, काय खुपतंय. मी म्हटलं की काहीच खुपत नाही, हीच तक्रार आहे. बिबवेवाडीला असताना समोरच्या काकू पार्सलवरचं नाव वाचून 'काय मागवलंय' विचारायच्या तेव्हा मला संताप यायचा. इथे शेजारच्या दारामागे कोण राहतं हे मला पाटीवरून माहीत आहे, आणि मी मेले तरी त्यांना पत्रपेटी भरल्यावरच कळेल.

बाई म्हणाल्या, "शेजारणीकडे जा आणि वाटीभर साखर माग."

"पण माझ्याकडे साखर आहे, बाई."

"असू दे. साखर संपल्यावर दुकानात जातात. शेजारी माणूस बघायला जातात."

मला हे अगदी वेड्यासारखं वाटलं. तरी बाईंचा गृहपाठ म्हणून मी वाटी घेऊन शेजारची घंटी वाजवली. केलरबाई म्हणून एक साठी उलटलेल्या एकट्या बाई होत्या. त्यांनी दार थोडं उघडलं, माझ्या हातातली वाटी पाहिली, आत गेल्या आणि साखरेचं अख्खं पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं. परत करायची गरज नाही म्हणाल्या, आणि दार लावलं. मी रिकामी वाटी आणि पाकीट घेऊन जिन्यात उभी. बाईंना कळवलं, तर त्या खूश. "छान झालं. आता तू देणं लागतेस. बेसनाचे लाडू कर, त्याच वाटीत घालून दे आणि वाटी तिथेच ठेवून ये."

लाडू दिले. पुढचा आठवडाभर केलरबाई जिन्यात भेटल्या तरी नुसतं अभिवादन करून पुढे जात होत्या, त्यामुळे वाटी गेली असंच मी धरून चालले. मग एका शनिवारी माझी घंटी वाजली. दारात केलरबाई, हातात माझी वाटी, वाटीत त्यांनी केलेला आलुबुखाराचा मुरंबा. त्यांना कळत नव्हतं की धुतलेली वाटी रिकामी परत करणं बरं दिसेल का, म्हणून इतके दिवस लागले, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे वाटी रिकामी परत देत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या दारातच जोराने हसल्या. "म्हणजे हे कधी संपतच नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीच तर त्यातली युक्ती आहे. त्या दिवशी त्या आत आल्या, चहा प्यायल्या, आणि जाताना त्यांनी विचारलं की परवा तुझ्याकडे एवढं मोठं खोकं आलं ते कसलं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना ते खोकंच उघडून दाखवलं.

बाईंना इकडे आणायचं असं आम्ही जुने विद्यार्थी बरीच वर्षं घोकत होतो. मेश्राम सर जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, कोणी विचारलं तर बाई म्हणायच्या, "आहेत की. म्युनिकला दोन, हॅम्बर्गला एक, बाकीची वाट बघायला लावतात." पण यायचं म्हटलं की विषय बदलायच्या. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाल्या, की तरुणपणी शिष्यवृत्ती मिळत होती, तेव्हा वडील आजारी पडले. पुढे पुन्हा संधी आली, तेव्हा सर आजारी होते. मग संधीने माझा नाद सोडला आणि मीही तिचा. आणि वर म्हणाल्या, "शिवाय एक भीती आहे. जाऊन आले आणि शिकवलेलं सगळं चुकीचं निघालं तर?"

शेवटी संदीप पुण्याला गेला असताना त्यांना रिक्षात बसवून पासपोर्टच्या ऑफिसात घेऊन गेला. चौकशीला घरी आलेल्या हवालदारांनी विचारलं, "या वयात जर्मनीला कशाला, मॅडम? शिकायला का?" बाई म्हणाल्या, "नाही. तपासायला." हवालदारांनी तेच लिहून नेलं की काय कोणास ठाऊक, पण पासपोर्ट आला.

आणि एका वसंतात बाई माझ्याकडे दीड महिन्यासाठी येऊन उतरल्या. पहिले दोन दिवस त्यांनी पाट्या वाचल्या. रस्त्यावरची, दुकानातली, बसमधली एकही पाटी त्यांनी सोडली नाही. प्रत्येक पाटी बरोबर निघाली की त्यांचा चेहरा फुलायचा, जणू ती त्यांच्याच विद्यार्थ्याने लिहिली होती. तिसरा दिवस रविवार होता. सकाळी खिडकीत बराच वेळ उभं राहून त्यांनी मला हळूच विचारलं, "गावात कोणी गेलंय का?" मी सांगितलं की रविवारी इथे असंच असतं, आवाज करत नाहीत. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भूक नसताना त्यांनी कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्यावर बाहेर येऊन बसल्या. "आता जरा माणसात आल्यासारखं वाटतं."

सोमवारी आम्ही बेकरीत गेलो. बाईंनी मला मागे थांबायला सांगितलं; त्यांना स्वतः बोलायचं होतं. काउंटरवर एक दांडगी, लालबुंद गालांची बाई होती. आमच्या बाईंनी स्वच्छ, घडीव जर्मनमध्ये चार पाव मागितले, अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखे. काउंटरवरची बाई काहीतरी भलतंच बोलली. बाईंनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तसंच, उलट जरा जोरात बोलली. आमच्या बाई वळून माझ्याकडे बघू लागल्या. इतक्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. त्यांना एक शब्दही कळला नव्हता.

बाहेर आल्यावर मी समजावलं की बाई, तुमचं जर्मन उत्तम आहे, ती श्वाबी बोलते, ही इकडची बोली आहे. इकडे त्या पावाला वेगळाच शब्द आहे. मलाही वर्षभर काही कळत नव्हतं. बाई थबकल्या.

"म्हणजे मी सांबार मागितला," त्या म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "तिला कोणी हसत नाही?"

"कशाला?"

"अशी बोलते म्हणून."

मी म्हटलं की नाही हसत, इथे सगळेच असं बोलतात, डॉक्टर बोलतात, गावचे महापौर भाषणसुद्धा असंच करतात. घरी येईपर्यंत बाईंनी एकही पाटी वाचली नाही. मला वाटलं, त्यांची ती जुनी भीती खरी ठरली, आपण त्यांना उगाच आणलं. मी चहा टाकला. त्या ओट्याजवळ उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी पुण्यात परीक्षेला बसल्यासारखी बोलले, मृणाल. एक 'जी' तोंडून निसटू दिला नाही. सरांशी घरातसुद्धा नाही. आणि ही बाई बघ, सरळ महापौराला तिच्या भाषेत पाव विकते."

तेवढ्यात चहा उतू गेला. बाई एकदम म्हणाल्या, "पाह्य वं, चहा उतून रायला नं! काय करून रायली तू?"

मी गॅस बंद केला. मग बाई हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, पदराने डोळे पुसत पुन्हा हसल्या. त्यांचं तसं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यानंतरचा महिना माझ्या घरात दोन बोली चालल्या. बाई रोज बेकरीत जाऊन त्या बाईकडून श्वाबी शिकायच्या आणि घरी येऊन माझ्याशी नागपुरी बोलायच्या. एका रविवारी म्युनिक, हॅम्बर्गकडची मंडळी जमली, शेजारच्या केलरबाईही आल्या. सगळ्यांना मिसळ किंवा साबुदाण्याची खिचडी मिळेल अशी आशा होती. बाईंनी भातात डाळीचे गोळे शिजवून नागपूरकडचा गोळाभात केला, वर तेलाची चरचरीत फोडणी, आणि वाढताना म्हणाल्या, "घ्या नं जी पोटभर, लाजून काऊन रायले?" संदीप ताट हातात धरून तसाच उभा राहिला. मग तो केलरबाईंना जर्मनमध्ये समजावून सांगू लागला की आमच्या बाई आज पहिल्यांदा आमच्याशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलतायत. केलरबाई म्हणाल्या, त्यात काय, मीही आईशी श्वाबीतच बोलायचे.

बाई पुण्याला परतल्या आणि वर्षाच्या आत त्यांनी कोथरूडचा फ्लॅट विकून नागपूरला जायचं ठरवलं. धाकटा भाऊ तिथे एकटा होता, हे कारण त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मला सांगितलं, "तुम्ही सगळे घरी परत जायचं नुसतं बोलता. मी जाऊन बघते, जमतं का." पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी बरीच आरडाओरड केली. बाईंनी शेवटच्या बॅचची परीक्षा होईपर्यंत मुक्काम वाढवला आणि मग खरंच गेल्या.

त्यानंतरच्या नाताळच्या सुट्टीत मी पुण्याला आले. आईचं 'आलं गं माझं सोनं' झालं, समोरच्या काकूंनी माझी बॅग किती किलोची ते विचारलं, रिक्षावाल्याने नाही म्हटलं. सगळं जिथल्या तिथे होतं. तरी चार दिवसांनी कोथरूडला एका मैत्रिणीकडे गेले तेव्हा पाय आपोआप बाईंच्या बिल्डिंगकडे वळले आणि जिन्यापर्यंत जाऊन मी परत फिरले. दूर असताना ज्या पुण्याची मला आठवण यायची, त्यातलं बरंचसं आता नागपूरला राहायला गेलं होतं. घरी येऊन मी रेल्वेचं तिकीट काढलं.

नागपुरात बाईंच्या भावाच्या घरी गच्चीवरच्या खोलीत क्लास भरला होता. पोरं खळखळून हसत होती आणि बाई त्यांना व्याकरण समजावत होत्या तेही त्यांच्याच बोलीत, मोकळ्या, चढ्या आवाजात. त्या अंगाने भरल्या होत्या. चेहऱ्यावर तजेला होता. क्लास सुटल्यावर आम्ही उन्हात संत्री सोलत बसलो. मी म्हटलं, "बाई, तुम्ही घरी आलात. जमलं तुम्हाला." मला जरा हेवाही वाटत होता.

बाईंनी संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली. "जमलं खरं. बोलताना आता थांबावं लागत नाही. रात्री झोप गाढ लागते," त्या म्हणाल्या. मग भाऊ आसपास नाही असं बघून माझ्याकडे सरकल्या. "पण एक सांगू? इथली माणसं फार गोड आहेत गं. भाजीवाला 'घ्या नं जी' म्हणतो. शेजारीण 'या नं जी' म्हणते. मी काहीही बोलले तरी सगळे हो जी, हो जी. परवा माझ्या हातून भाजी खारट झाली, तर भाऊ म्हणाला, छान झाली. कोणी एक शब्द उलटून बोलत नाही. कधीकधी इतकं एकटं वाटतं!"

मी हसायला लागले. पण बाई हसत नव्हत्या.

"चार दिवस आहेस ना?" त्यांनी विचारलं. "मग जरा टोचून बोल माझ्याशी."

असं सांगितल्यावर कुठे सुचतं? तेवढ्यात बाई उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. मी कप घेतला, त्यात वाकून नीट बघितलं, आणि म्हणाले, "बाई, यात पावडर घातलीय, की डबा नुसता जवळून फिरवलाय?"

बाईंनी बशी खाली ठेवली. डोळे मिटून घेतले, आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या, तोंडात संत्र्याची गोड फोड विरघळत असावी तशा.

"हं," त्या म्हणाल्या. "अजून एक."